गाठ नंतर, आधी नस

मागच्या महिन्यात मानेतल्या गाठींबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की क्वचित एखादी गाठ लिम्फ नोडची नसते, थायरॉइडची नसते, थेट नसेवर आलेली असते आणि तिला सुई किंवा सुरी लावायच्या आधी थांबावं. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. (नस म्हणजे इथे सगळीकडे नर्व्ह, रक्तवाहिनी नाही.) सारखे प्रश्न एकत्र केलेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. आणि नेहमीचंच सांगणं, तुम्हाला न तपासता मी फक्त समजावू शकते, ट्रीटमेंट तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

प्रश्न : माझं वय 38. उजव्या बाजूला जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन वर्षांपासून गाठ आहे. दुखत नाही, पण दाबली की कोरडा खोकला येतो. सुईची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा "पेशी पुरेशा नाहीत" असा रिपोर्ट. आता एमआरआयमध्ये "व्हेगल श्वानोमाची शक्यता" लिहिलंय. हा कॅन्सर आहे का? घरचे म्हणतायत लगेच काढून टाक.

नाही, श्वानोमा कॅन्सर नाही, आणि त्याचा पुढे कॅन्सर होणं इतकं दुर्मिळ आहे की त्या भीतीपोटी ऑपरेशनची तारीख घ्यायची गरज नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट एमआरआय नाहीये, खोकला आहे. मानेतली गाठ दाबल्यावर खोकल्याची उबळ येणं हे व्हेगस नर्व्हवरच्या गाठीचं खास लक्षण आहे, सगळ्यांना येत नाही, पण आलं तर डॉक्टरांचे कान टवकारलेच पाहिजेत. व्हेगस ही मेंदूच्या बुडातून निघून मानेतून खाली छातीत आणि पोटापर्यंत जाणारी लांबलचक नस, स्वरयंत्राला फांद्या हीच देते, त्यामुळे तिला छेडलं की घसा उत्तर देतो. प्रत्येक नसेभोवती आवरण तयार करणाऱ्या पेशी असतात, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने 1839 च्या सुमारास त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या श्वान पेशी, आणि त्यांच्यापासून झालेली गाठ ती श्वानोमा. शरीरात कुठेही होऊ शकते, मेंदूबाहेरच्या श्वानोमांपैकी साधारण 25 ते 45 टक्के डोकं-मान या भागात सापडतात, बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीच्या वयात. म्हणजे वय, जागा, लक्षण, सगळं जुळतंय.

पुढच्या वेळी डॉक्टर गाठ कशी हलवून बघतात त्याकडे लक्ष द्या. नसेवरची गाठ डावी-उजवीकडे सरकते पण वर-खाली सरकत नाही, कारण वरून आणि खालून तिला नसेनेच धरून ठेवलेलं असतं. साधी लिम्फ नोड सहसा सगळीकडे हलते. ही दहा सेकंदांची तपासणी आहे, फुकट आहे, आणि घाईच्या ओपीडीत हीच राहून जाते.

एमआरआयचं म्हणाल तर त्यात गाठीचा रंग बघतात तसे तिचे शेजारीही बघतात. मानेत कॅरोटिड आर्टरी आणि ज्युगुलर व्हेन शेजारी शेजारी जातात आणि व्हेगस त्या दोघींच्या मधल्या खोबणीतून. त्यामुळे व्हेगसवर गाठ वाढली की ती मध्ये घुसून दोघींची फारकत करते, आर्टरी आतल्या बाजूला आणि व्हेन बाहेरच्या बाजूला. तेच जर गाठ सिम्पथेटिक चेनवर असेल, म्हणजे या दोघींच्या मागून जाणाऱ्या नसेवर, तर दोन्ही रक्तवाहिन्या एकत्रच पुढे ढकलल्या जातात, फारकत होत नाही. नेहमी इतकं स्वच्छ दिसतंच असं नाही, पण तुमच्या रिपोर्टमध्ये "कॅरोटिड आणि ज्युगुलरमध्ये अंतर वाढलेलं" अशी ओळ असेल तर रेडिओलॉजिस्टने "व्हेगल" हा शब्द कुठून आणला ते कळेल.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही, स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी झालीये का? नसेल तर आधी ती करून घ्या. व्होकल कॉर्ड (आवाज काढणारी स्वरयंत्रातली पट्टी, दोन असतात) आत्ता हलतेय की नाही हे ऑपरेशनच्या आधी कागदावर असलंच पाहिजे. कधी कधी गाठीने नस हळूहळू कमजोर केलेली असते आणि दुसरी कॉर्ड सांभाळून घेत असल्यामुळे पेशंटला पत्ताच नसतो. कॉर्ड आधीच हलायची बंद झाली असेल तर ऑपरेशनचं सगळं गणित बदलतं.

आणि घरच्यांना सांगा, या गाठी फार हळू वाढतात, बऱ्याच जणांत वर्षाला 2-3 मिलिमीटर. महिना-दोन महिने विचार करायला, दुसरं मत घ्यायला भरपूर वेळ आहे.

प्रश्न : सर्जन म्हणतात बायोप्सी करायची नाही. बायोप्सीशिवाय गाठ कसली ते कळणार कसं? मला हे पटत नाहीये.

तुमचा संशय समजू शकते, इतर सगळ्या गाठींमध्ये आम्हीच "आधी तुकडा तपासू" म्हणतो आणि इथे उलटं सांगतो. पण तुमचे सर्जन बरोबर आहेत.

आधी सुईचं बघू. श्वानोमात सुई घातली की बऱ्याचदा करंट बसल्यासारखी कळ जाते, आणि एवढं सहन करूनही हाती येतात चार लांबुळक्या पेशी, ज्यावरून पॅथॉलॉजिस्ट ठामपणे काही सांगू शकत नाही. निदान झालं तर बरंच, पण नाही झालं तर परत परत टोचत बसण्यात अर्थ नाही. गरज पडलीच तर सोनोग्राफीत बघत जाड सुईने कोअर बायोप्सी घेता येते, तीही एमआरआय झाल्यावर आणि अनुभवी माणसाकडून.

चिरा देऊन तुकडा काढणं मात्र नकोच. गाठीच्या आवरणावरच नसेचे धागे पसरलेले असतात, तुकडा घेताना ते कापले जातात, आणि वर जी जखम भरते तिच्यामुळे सगळं एकमेकांना चिकटतं, मग खऱ्या ऑपरेशनच्या वेळी गाठ आणि नस वेगळी करणं सर्जनच्या हातात राहत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. त्याच जागी, कॅरोटिड जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे, आणखी एक गाठ होते, कॅरोटिड बॉडी ट्यूमर. तीही डावी-उजवीकडे हलते, वर-खाली नाही, तीही न दुखणारी, हळू वाढणारी, म्हणजे नुसत्या बोटांना फसवणारी. फरक असा की ती रक्ताने गच्च भरलेली असते, तिच्यात आंधळेपणाने सुरी घातली तर रक्तस्राव आवरता आवरत नाही. स्कॅनमध्ये ती ओळखता येते, कॅरोटिडच्या दोन फांद्या फाकवून ती मधोमध बसते आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर झगझगीत उजळते, एमआरआयमध्ये रक्ताच्या प्रवाहाचे काळे ठिपकेही दिसतात. तसा संशय असेल तर रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन तपासतात, कारण यातल्या काही थोड्या गाठी बीपी वाढवणारी हार्मोन्स सोडतात, आणि काही घराण्यांत त्या आनुवंशिक असतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा, मानेतल्या खोल गाठीचा आधी फोटो, मग सुई, तीही लागली तरच.

प्रश्न : माझ्या भावाची मानेतली गाठ "साधी आहे, अर्ध्या तासात काढू" म्हणून लोकल भूल देऊन काढली. रिपोर्ट श्वानोमा आला. त्या दिवसापासून आवाज घोगरा आहे आणि पाणी पिताना ठसका लागतो. आता काय?

झालं ते वाईट झालं, आणि दुर्दैवाने असंच होतं जेव्हा आधी स्कॅन होत नाही. त्यावर पत्रातून निवाडा देण्यात अर्थ नाही, आता काय करता येईल ते बघू, कारण करण्यासारखं बरंच आहे आणि वेळ महत्त्वाची आहे.

या आठवड्यात दुर्बिणीतून स्वरयंत्र बघून घ्या. त्या बाजूची कॉर्ड हलत नसणार असा माझा अंदाज आहे, पण ती कुठल्या पोझिशनला थांबलीये आणि मध्ये किती फट राहतेय यावर पुढचं ठरतं. ऑपरेशनची नोट मागून घ्या, त्यात नस दिसली होती का, कापली गेली का, काही लिहिलंय का ते बघा, तो तुमचा हक्क आहे. नस अखंड असेल आणि फक्त ताणली गेली असेल तर आवाज काही आठवड्यांपासून सहा-बारा महिन्यांपर्यंत परत येऊ शकतो. पूर्ण कापली गेली असेल तर कॉर्ड आधीसारखी हलणं अवघड, पण आवाज सुधारणं अवघड नाही.

पाण्याचा ठसका हलक्यात घेऊ नका. व्हेगस वरच्या पातळीवर दुखावली की घशाची संवेदनाही कमी होते आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतात, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची थेरपी शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे लगेच जा. तोवर छोटे घोट, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, झोपून काही प्यायचं नाही. फट मोठी असेल तर कॉर्डमध्ये इंजेक्शनने फिलर भरून ती मधे आणता येते, त्याचा परिणाम काही महिने टिकतो, म्हणजे नस सावरतेय का ते बघायला वेळ मिळतो. वर्षभरात सावरली नाही तर थायरोप्लास्टी, गळ्याच्या कूर्चेत छोटी खिडकी करून आतून कॉर्डला कायमचा टेकू देणं. जपानचे डॉ. इश्शिकी यांनी 1974 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही भरवशाची आहे, आणि बऱ्याचदा पेशंट जागा असतानाच, त्याला बोलायला लावून, टेकू किती हवा ते ठरवतात.

प्रश्न : वडील 66 वर्षांचे आहेत. मणक्यासाठी एमआरआय केला त्यात मानेत 2 सेंटिमीटरची श्वानोमासारखी गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले सोडून द्या, सहा महिन्यांनी बघू. हा हलगर्जीपणा नाही का?

नाही. त्रास नाही, वाढत नाही, स्कॅनमध्ये शंकेला जागा नाही, तर लक्ष ठेवून थांबणं हीच ट्रीटमेंट आहे. सहा महिन्यांनी एक एमआरआय, जैसे थे असेल तर मग वर्षाने, असं साधारण चालतं. मधेच गाठ झपाट्याने वाढली, दुखायला लागली, आवाज बदलला, गिळायला अडकलं, खांद्यात-हातात जोर कमी झाला, तर तारखेची वाट बघत बसू नका.

प्रश्न : मी गाणं शिकवते. डाव्या बाजूला व्हेगसवर 4 सेंटिमीटरची गाठ, मागच्या दोन स्कॅनमध्ये वाढलेली दिसतेय, आता गिळताना घशात काहीतरी आहे असं वाटतं. ऑपरेशन सांगितलंय. माझा आवाज जाईल का? ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते कुणी नीट सांगतच नाही.

मग मी सांगते, जरा सविस्तर, कारण या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पूर्वी अशी गाठ नसेच्या तुकड्यासकट काढून टाकायचे, गाठ गेली आणि आवाजही गेला. आता बहुतेक ठिकाणी प्रयत्न असतो तो आवरणाच्या आतून गाठ सोलून काढायचा. हे शक्य होतं ते श्वानोमाच्या स्वभावामुळे, ती नसेतल्या एखाद्या धाग्यावरून उगवते आणि बाकीचे धागे बाजूला सारत वाढते, त्यामुळे ते फुग्यावर जाळी ताणून बसवावी तसे गाठीच्या पृष्ठभागावर पसरतात. न्यूरोफायब्रोमा ही नसेची दुसरी गाठ, तिच्यात मात्र धागे गाठीच्या आत गुंतलेले असतात, तिथे सोलणं इतकं सरळ जमत नाही.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. मानेच्या नैसर्गिक घडीत चिरा घेतात, म्हणजे व्रण पुढे फारसा दिसत नाही. श्वासासाठी जी नळी घालतात तिच्यावर इलेक्ट्रोड असतात, ते बरोबर व्होकल कॉर्डला टेकतात, आणि भूलतज्ज्ञ स्नायू दीर्घकाळ सैल ठेवणारी औषधं टाळतात, नाहीतर मॉनिटर मुकाच राहील. सर्जन स्नायू बाजूला घेऊन, कॅरोटिड आणि ज्युगुलर सुट्या करून गाठीपर्यंत पोचतो. समोर दिसते ती गुळगुळीत, पिवळसर पांढरी, चकचकीत गाठ, वरच्या आणि खालच्या टोकाला नस तिच्यात शिरलेली, आणि भिंगातून बघितलं तर आवरणावरून गेलेले बारीक पांढरे धागे. मग स्टिम्युलेटरची टोकदार कांडी आवरणावर जागोजागी टेकवतात. जिथे मॉनिटर टकटक वाजतो तिथे काम करणारा धागा आहे, तिथे हात लावायचा नाही. जिथे शांत, तिथे नसेच्या लांबीच्या दिशेनेच, आडवा कधीच नाही, चिरा घेतात, आणि बोथट अवजाराने आवरण आणि गाठ यांच्यातली फट शोधत हळूहळू गाठ बाहेर घेतात. बऱ्याच वेळा गाठ अख्खी बाहेर येते आणि मागे रिकामं आवरण आणि त्यात जिवंत नस राहते. रक्त थांबवायला इथे जाळण्याची मशीन जपून वापरावी लागते, उष्णतेनेही नस मरते. मधेच व्हेगस ओढली गेली की हृदयाचे ठोके मंदावतात, भूलतज्ज्ञ "थांबा" म्हणतो, सर्जन हात काढून घेतो, ठोके सावरले की परत सुरू. घाबरण्यासारखं नाही, पण दोघं एकमेकांचं ऐकणारे असावेत.

आता आवाजाचं. खोटा दिलासा देणार नाही, अगदी सुरेख ऑपरेशन होऊन नस अखंड राहिली तरी सुरुवातीला आवाज बसणं कॉमन आहे, आणि व्हेगसच्या बाबतीत तो काही जणांत पूर्ण परत येत नाही. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज यात फरक आहे, लोक "आवाज ठीक झाला" म्हणतात तेव्हा त्यांना फोनवर बोलता येतंय एवढाच त्याचा अर्थ असतो, तार सप्तकात सूर लागतोय असा नाही. वरचे सूर ताणणाऱ्या स्नायूची नसही व्हेगसचीच फांदी. म्हणून ऑपरेशनच्या आधी आवाजाचं रेकॉर्डिंग आणि स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात कॉर्डची थरथर बघणारी दुर्बिणीची तपासणी) करून ठेवा, आणि व्हॉइस थेरपिस्टची भेट आधीच घ्या, नंतर धावपळ नको.

तुमची गाठ वाढतेय आणि त्रास सुरू झालाय, त्यामुळे ऑपरेशनचा सल्ला मला रास्त वाटतो, थांबलात तर गाठ स्वतःच नस दाबत जाईल आणि मोठी गाठ सोलणं आणखी अवघड. पण सर्जनला थेट विचारा, आवरणातून सोलायचा प्लॅन आहे की नसेसकट काढायचा, मॉनिटर असणार का, आणि आत गेल्यावर नस सुटत नाही असं दिसलं तर तुम्ही काय कराल. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरलेलं हवं. थोडीशी गाठ आवरणाला चिकटलेली राहू दे पण नस वाचवा, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, कारण गाठ साधी आहे, हळू वाढणारी आहे, राहिलेल्या कणावर लक्ष ठेवता येतं. नस कापावीच लागली तर पायातली किंवा कानाजवळची संवेदनेची नस घेऊन जोड देतात, पण जोडलेल्या व्हेगसमधून आधीसारखा सूर मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही, त्यातून कॉर्डला थोडा ताण मिळाला तरी चांगलं. आणि वर्षात असल्या दोन-चार गाठीच करणाऱ्यापेक्षा मान-डोक्याच्या ट्यूमरचं काम रोज करणारी टीम निवडा, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : सिम्पथेटिक चेनची गाठ काढून तीन महिने झाले. एका डोळ्याची पापणी थोडी खाली आलीये, बाहुली लहान दिसते. वर जेवताना पहिल्या घासाला कानाखाली जीव जाईल अशी कळ येते, नंतर बरी होते. डेंटिस्ट म्हणतात दात ठीक आहेत.

दात ठीकच आहेत. दोन्ही त्रासांचं मूळ एकच, तुमची गाठ ज्या नसेवर होती ती नस.

पापणी आणि बाहुलीच्या त्रासाला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात, 1869 मध्ये योहान हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने वर्णन केलेला, त्यात चेहऱ्याच्या त्या बाजूला घामही कमी येतो. सिम्पथेटिक चेनच्या गाठीत हा इतका हमखास होतो की ऑपरेशनच्या आधी सांगायलाच हवा. नजर जात नाही. काहींचा महिन्यांत कमी होतो, काहींचा राहतो, आणि पापणी खटकत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तात्पुरते थेंब आणि छोटं ऑपरेशन असे दोन्ही उपाय आहेत. मात्र एक करा, पाकिटात चिठ्ठी ठेवा की अमुक डोळ्याची बाहुली ऑपरेशनमुळे लहान आहे. उद्या कधी डोक्याला मार लागून हॉस्पिटलात गेलात तर दोन बाहुल्या वेगळ्या बघून तिथल्यांची धांदल उडेल.

कळ येते ती फर्स्ट बाइट सिंड्रोमची. कानापुढच्या लाळग्रंथीला येणारा सिम्पथेटिक पुरवठा तुटला की ग्रंथी तिच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या (पॅरासिम्पथेटिक) नसांच्या संदेशांना जास्तच जोरात प्रतिसाद देते, पहिल्या घासाला लाळ सुटायची वेळ आली की ती करकचून आवळली जाते. पुढच्या घासांना ओसरते, जेवणात खंड पडला की परत येते. आंबट-तिखटाने वाढते. म्हणून सुरुवात बेचव मऊ पदार्थाने करा, दुसऱ्या बाजूने चावा. फारच असेल तर नसेच्या वेदनेची औषधं देतात, आणि त्यानेही भागलं नाही तर ग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन, त्याने बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो. बहुतेकांत हे महिने उलटतात तसं सौम्य होत जातं.

प्रश्न : गळ्याखालच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वर, मान आणि खांद्याच्या मध्ये गाठ आहे. तिच्यावर टिचकी मारली की अंगठ्यापर्यंत मुंग्या जातात. मालिश केली तर चालेल का?

मालिश अजिबात नको, आणि टिचक्या मारून बघणंही बंद करा.

तुम्ही सांगताय ती जागा ब्रेकियल प्लेक्ससची, हाताला जाणाऱ्या नसांचं जंक्शन. मुंग्या कुठल्या बोटात जातात त्यावरून कुठली नस ते डॉक्टरांना कळतं, म्हणून ते नीट लक्षात ठेवून सांगा. एमआरआय लागेल आणि सोबत नसांची करंटची तपासणी. मणक्याच्या बाजूने गाठीचा एक भाग हाडाच्या छिद्रातून आत गेलाय का ते मुद्दाम बघायला सांगा, तशी दोन्हीकडे फुगलेली आणि मधे आवळलेली गाठ असेल तर एकट्या ईएनटी सर्जनचं ते काम नाही, मणक्याचा किंवा न्यूरोसर्जन सोबत लागतो. बाकी सोलून काढण्याचं तत्त्व वर सांगितलं तेच. नस दुखावली तर ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने वाढते, मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर बघा म्हणजे फिजिओथेरपी किती महिने धीराने करावी लागते ते कळेल.

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आहेत आणि आता मानेत मऊ गाठ आलीये. डाग जन्मापासून आहेत, त्याचा गाठीशी संबंध असेल का?

असू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जा. वयात येण्याआधी 5 मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 1 या जन्मजात आजाराचा विचार करतात. सुमारे तीन हजारांत एकाला हा असतो, 17 व्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमधला दोष, आणि जवळजवळ निम्म्या मुलांत तो आईवडिलांकडून आलेलाच नसतो, तेव्हा कुणाच्या घराण्याला दोष द्यायच्या भानगडीत पडू नका.

या मुलांतल्या गाठी श्वानोमापेक्षा न्यूरोफायब्रोमा असतात, त्यातला पसरट गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे प्लेक्सिफॉर्म, आणि यात कॅन्सरची शक्यता खरीच असते, म्हणून वेगाने वाढ, रात्री जागवणारं दुखणं, गाठ टणक होणं किंवा नवा अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. प्लेक्सिफॉर्म गाठ पूर्ण काढता येत नाही असं बऱ्याचदा होतं. अशा मुलांसाठी सेलुमेटिनिब नावाची कॅप्सूल आहे, अमेरिकेत 2020 मध्ये तिला 2 वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली, गाठ बऱ्याच मुलांत आकाराने कमी होते, नाहीशी होत नाही. तुमच्या मुलाला ती लागेलच असं नाही, आधी निदान होऊ दे.

प्रश्न : औषधाने विरघळेल का? रेडिएशन देता येईल का? परत येते का? (हे तीन प्रश्न जवळपास प्रत्येक मेलमध्ये होते.)

साध्या एकट्या श्वानोमाला विरघळवणारं औषध नाही, कुणी गॅरंटी देत असेल तर तिथून निघा. रेडिएशनला ही गाठ फारशी दाद देत नाही, ऑपरेशन शक्यच नसेल तेव्हा कधी कधी विचार होतो. नीट सोललेली गाठ परत येणं क्वचित. एकाच माणसाला अशा अनेक गाठी होत असतील तर मात्र श्वानोमॅटोसिसची जेनेटिक तपासणी करावी.

प्रश्न : ऑपरेशन छान झालं, आवाजही ठीक आहे. पण पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये "एन्शंट चेंजेस" आणि "न्यूक्लियर एटिपिया" लिहिलंय. इंटरनेटवर एटिपिया म्हणजे कॅन्सरची सुरुवात असं वाचलं, झोप उडालीये.

श्वानोमाच्या बाबतीत ते तसं नाहीये. गाठ वर्षानुवर्षं आत बसलेली असली की तिच्यातल्या काही पेशींची केंद्रकं मोठी, वेडीवाकडी दिसायला लागतात, मधे पाण्याच्या पोकळ्या होतात, जुन्या रक्ताचे डाग दिसतात. हा म्हातारपणाचा बदल आहे, वाढीचा नाही. खाली बघा, रिपोर्टमध्ये "मायटोसिस दिसत नाही" किंवा तशा अर्थाचं काही लिहिलं असेल, म्हणजे पेशी विभागत नाहीयेत, ती ओळ तुमच्या कामाची. एस-100 आणि सॉक्स-10 (पेशी कुठल्या ते ओळखायच्या खुणा) पॉझिटिव्ह असं असेल तर तेही चांगलंच, गाठ श्वान पेशींचीच आहे याचा तो पुरावा. अँटोनी ए आणि अँटोनी बी असं काही दिसलं तर तेही घाबरण्यासारखं नाही, स्वीडनच्या निल्स अँटोनी यांनी 1920 मध्ये वर्णन केलेले ते दाट आणि विरळ पेशींचे दोन नमुने, श्वानोमात असतातच.

तरीही चैन पडत नसेल तर स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून मागून घ्या आणि सॉफ्ट टिश्यू ट्यूमर बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, ही रीतसर मागणी आहे, त्यात तुमच्या सर्जनचा अपमान वगैरे काही होत नाही. आणि ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय घाई करून पुढच्याच महिन्यात काढू नका, सूज आणि जखम भरण्याच्या खुणा गाठीसारख्या दिसतात आणि परत झोप उडेल, तारीख सर्जनला विचारून काही महिन्यांनंतरची घ्या.